मातीखालचा खडक आणि खडकातलं खनिज: आधी कोणता सर्व्हे करावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साधारण दोन चौरस किलोमीटरचा पट्टा आहे. बहुतेक ठिकाणी वर माती आणि मुरूम, खडक दोन-तीन जागीच उघडा पडलेला. एका टोकाला जुना खड्डा आहे आणि त्याच्या भिंतीवर तांब्याचे हिरवे डाग दिसतात. खडक किती खोल आहे आणि ते तांबं कुठवर पसरलंय, हे खोदकाम न करता कळेल का, असं तुम्ही विचारलंय. तिघांनी तीन सल्ले दिलेत: एक म्हणतो रेझिस्टिव्हिटी (जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजणं) करा, दुसरा म्हणतो ड्रोनने मॅग्नेटिक (चुंबकीय क्षेत्र मोजणारा सर्व्हे) उडवा, तिसरा म्हणतो पैसे वाया घालवू नका, सरळ बोअर घ्या.

तिघांपैकी कोणीही चूक नाही, पण तिघांनी उत्तरादाखल यंत्राचं नाव सांगितलंय आणि तुमचा प्रश्न यंत्राचा नाहीच. त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. खडकाचा माथा किती खोल, हा एक. त्या खडकात सल्फाइड खनिजं (तांब्यासारख्या धातूंची गंधकाशी झालेली संयुगं) कुठे, हा दुसरा. दोन्हींना लागणारं मोजमाप वेगळं, खोली वेगळी, रेषांमधलं अंतरही वेगळं. आणि बरेच जण दुसऱ्या प्रश्नाच्या घाईत पहिला सोडून देतात. मातीच्या जाडीतला फरक हा खनिजासारखा दिसणारा सगळ्यात मोठा बहुरूपी आहे, म्हणून या घाईची किंमत पुढे बोअरमध्ये मोजावी लागते. हा मुद्दा खाली आकड्यांनी दाखवतो.

आधी एक गोष्ट. कोणतंही यंत्र खडक दाखवत नाही, तांबं तर नाहीच नाही. यंत्र घनता, चुंबकत्व, वीज वाहण्याची क्षमता, लहरींचा वेग असा एखादा गुणधर्म मोजतं, आणि तोही लांबून, वरच्या सगळ्या थरांसकट. आजूबाजूच्या खडकापेक्षा तुमच्या खनिजाचा तो गुणधर्म वेगळा असेल तरच विसंगती, म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळा आकडा, उमटते. फरकच नसेल तर जगातलं सगळ्यात महाग यंत्रसुद्धा सपाट रेघ काढून देईल, आणि ती रेघ खरीच असेल.

म्हणून माझा पहिला सल्ला रुक्ष आहे: सर्व्हेची ऑर्डर देण्याआधी नमुने मोजा. उघड्या खडकाचे, खड्ड्यातल्या खनिजयुक्त दगडाचे आणि मातीचेही. घनतेसाठी दगडाचं हवेतलं वजन आणि पाण्यात बुडवून केलेलं वजन, एवढं पुरतं. चुंबकग्राह्यता, म्हणजे दगड किती चुंबकीय होतो ते, मोजणारं हातात मावणारं मीटर मिळतं, ते दगडाला टेकवलं की आकडा येतो. विद्युत रोधकता मोजताना दगड आधी पाण्यात नीट मुरवावा लागतो, कारण कोरडा दगड जमिनीतल्या दगडापेक्षा कितीतरी जास्त रोध दाखवतो. साधारण कल्पना यावी म्हणून सांगतो: सुटी माती दर घनसेंटिमीटरला १.६ ते २.० ग्रॅम, ग्रॅनाइट २.६ ते २.७, बेसॉल्ट २.८ ते ३.०, चाल्कोपायराइट (तांब्याचं सल्फाइड) ४.२, पायराइट (लोखंडाचं) ५ आणि गॅलेना (शिशाचं) ७.५ च्या आसपास.

इथे एक इशारा देऊन ठेवतो. खड्ड्यातला हिरवा दगड म्हणजे बहुधा मॅलाकाइट. हवा आणि पाणी लागून मूळ सल्फाइड विरघळल्यानंतर मागे राहिलेला हा माल. विद्युत पद्धतींना जे जाणवतं ते मूळ सल्फाइड असतं आणि ते सहसा भूजलपातळीच्या आसपास किंवा तिच्या खाली शाबूत राहतं. त्यामुळे हिरव्या दगडाचे गुणधर्म मोजून ‘काही फरकच दिसत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. खड्ड्याच्या तळातून किंवा आजूबाजूच्या जुन्या ढिगाऱ्यातून ताजा, पिवळट धातूची चमक असलेला तुकडा मिळतो का ते पाहा. तो मिळाला तर निम्मं काम झालं.

आता खडकाच्या खोलीकडे येऊ. तुमच्या जागी मी असतो तर पहिली पद्धत सिस्मिक रिफ्रॅक्शन निवडली असती, खडकाचा माथा तीस-चाळीस मीटरच्या आत असेल या अंदाजावर. लोखंडी प्लेटवर घण मारायचा, रेषेत लावलेल्या जिओफोनांपर्यंत (जमिनीचं कंपन टिपणारे सेन्सर) लहर कधी पोचते ते नोंदवायचं. सुट्या कोरड्या मातीत लहरीचा वेग सेकंदाला ३०० ते ७०० मीटर असतो, कठीण ताज्या खडकात ४,००० ते ६,०००. जवळच्या जिओफोनांना मातीतून सरळ आलेली लहर आधी लागते. पुढे गेल्यावर, खडकापर्यंत उतरून त्याच्या माथ्यावरून धावत आलेली लहर जास्त अंतर कापूनही आधी पोचते. हा बदल जिथे होतो त्या अंतरावरून खोली काढता येते. मातीत ५०० आणि खडकात ४,००० मीटर वेग धरला, खडक २० मीटरवर असला, तर तो बदल साधारण ४५ मीटरवर येईल. त्याच्या पुढेही बरेच जिओफोन हवेत, म्हणजे रेषा निदान १०० मीटरची. खोलीच्या चार-पाच पट रेषा, हा आमच्याकडचा ढोबळ नियम यातूनच आला. कोणी ५० मीटरच्या रेषेवर ३० मीटर खोलीचा खडक दाखवत असेल तर त्याला नम्रपणे निरोप द्या.

ही पद्धत साधी दिसते, पण तिचे दोन सापळे आहेत आणि तुमच्यासारख्या मुरूम असलेल्या जागेत दोन्ही भेटतात. पहिला: माती आणि कठीण खडक यांच्यामध्ये मुरमाचा पातळ थर असतो. तो मातीपेक्षा वेगवान, खडकापेक्षा मंद. थर पातळ असला तर त्याची लहर कधीच सगळ्यांच्या आधी पोचत नाही, नोंदीत दिसत नाही, आणि हिशेबात खडक खऱ्यापेक्षा उथळ येतो. दुसरा सापळा याच्या उलट. वर जांभ्यासारखं किंवा चुनखडीचं कडक कवच आणि खाली मऊ चिकणमाती असेल, तर मंद थर नोंदीत अदृश्य राहतो आणि खडक खऱ्यापेक्षा खोल दाखवला जातो. शिवाय पाणी. पाण्याने भरलेल्या मातीत दाबलहरीचा वेग सेकंदाला १,५०० मीटरच्या आसपास पोचतो, आणि कुजलेल्या खडकाचाही वेग तेवढाच असू शकतो. मग नकाशावर ‘मुरमाचा माथा’ म्हणून जे काढलंय ते प्रत्यक्षात भूजलपातळी असते. पावसाळ्यानंतर तोच सर्व्हे केला तर हा ‘खडक’ चक्क वर सरकलेला दिसतो!

यावर उपाय म्हणजे त्याच जिओफोन रेषेवर पृष्ठलहरींचीही नोंद घेणं, म्हणजे जिला सगळे मासव (MASW) म्हणतात ती पद्धत. तिच्यात कर्तनलहरींचा, म्हणजे जमीन आडवी हलवत जाणाऱ्या लहरींचा, वेग मिळतो. या लहरींना पाण्याचं फारसं सोयरसुतक नसतं, आणि मधला मऊ थरही त्या लपवत नाहीत. पृष्ठलहरींसाठी जिओफोन थोड्या कमी वारंवारतेचे हवेत, साडेचार हर्ट्झचे चालतात. रेषा आधीच मांडलेली असल्याने वेळ फार वाढत नाही, म्हणून कंत्राटातच दोन्ही लिहून घ्या.

दोन रेषांच्या मधल्या जागेसाठी एक स्वस्त युक्ती आहे. जमिनीवर एकच तीन दिशांचा सेन्सर ठेवायचा आणि पंधरा-वीस मिनिटं जमिनीची नैसर्गिक थरथर नोंदवायची. आडव्या आणि उभ्या कंपनांच्या गुणोत्तरात एक ठळक शिखर येतं, आणि त्या शिखराची वारंवारता म्हणजे कर्तनलहरीचा वेग भागिले चौपट जाडी. मातीत वेग सेकंदाला ३०० मीटर आणि शिखर ५ हर्ट्झवर आलं, तर जाडी १५ मीटर. मात्र मातीनंतर एकदम कठीण खडक लागत असेल तरच हे शिखर स्वच्छ येतं. मुरूम हळूहळू कडक होत जात असेल तर शिखर पसरट होतं किंवा येतच नाही, आणि मग ओढूनताणून एखादा उंचवटा शिखर म्हणून निवडण्यात अर्थ नाही.

रेझिस्टिव्हिटीचा सल्ला देणारा माणूस यावर म्हणेल की खडकाचा माथा तर माझ्या चित्रातही दिसतो. दिसतो, बरोबर आहे. ओली चिकणमाती ५ ते ५० ओहम-मीटर (रोधकतेचं एकक), ताजा ग्रॅनाइट हजारो ओहम-मीटर, फरक भरपूर. ५ मीटर अंतरावर ४८ इलेक्ट्रोड लावले की २३५ मीटरची रेषा होते आणि मधोमध साधारण ४० मीटर खोलीपर्यंत चित्र मिळतं. टोकांना मात्र फारच उथळ, हे विसरू नका. अडचण अशी की भेगाळलेला, पाण्याने भरलेला खडकसुद्धा रोध कमी दाखवतो आणि चित्रात मातीत जमा होतो. उलट कोरडी वाळू खडकासारखी दिसते. शिवाय या चित्रात सीमा कधीच रेघेसारखी येत नाही, हिरव्यातून पिवळ्यात, पिवळ्यातून लाल रंगात हळूहळू जाते. त्यातला कोणता रंग म्हणजे खडक, हे बोअरशिवाय ठरत नाही. म्हणून खडकाच्या खोलीसाठी मी रेझिस्टिव्हिटी एकटी वापरत नाही. सिस्मिकच्या जोडीला ती उत्तम, कारण दोघींचे दोष वेगळे आहेत. पाण्यामुळे सिस्मिक फसते तिथे रेझिस्टिव्हिटी बऱ्याचदा सावध करते, आणि चिकणमातीमुळे रेझिस्टिव्हिटी घोटाळते तिथे सिस्मिक.

जमिनीत रडार सोडणाऱ्या पद्धतीबद्दलही कोणी सुचवेल. वर चिकणमाती असेल तर विचारही करू नका, मीटर-दीड मीटरमध्येच संकेत मरतो.

आणि ‘खडक’ म्हणजे काय, हे आधी लिहून ठेवा. सिस्मिकचा खडक म्हणजे ठरावीक वेगाच्या वरचा भाग, रेझिस्टिव्हिटीचा खडक म्हणजे ठरावीक रोधाच्या वरचा, आणि ड्रिलरचा खडक म्हणजे त्याचा बिट अडकतो तो. मुरमाच्या जागेत या तिघांमध्ये काही मीटरचा फरक सहज पडतो आणि तिघंही खरं बोलत असतात. माझ्या अनुभवात, बोअरने पडताळलेला नसेल तर खोलीच्या आकड्यात दहा ते वीस टक्के इकडे-तिकडे धरून चालावं. मध्ये एखादा पडताळणीचा बोअर असला की ही चूक बरीच आटोक्यात येते.

आता तो बहुरूपी. समजा, तुमच्या खडकात सल्फाइडचा एक भरीव गोळा आहे. त्रिज्या ३० मीटर, केंद्र ६० मीटर खोल, आणि आजूबाजूच्या खडकापेक्षा घनता १ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरने जास्त. वजनात हा साठा चार लाख टनांच्या पुढे जातो, म्हणजे लहानसहान नाही. त्याच्या डोक्यावर गुरुत्व किती वाढेल? साधारण ०.२ मिलिगॅल (गुरुत्वातला बारीक फरक मोजायचं एकक). चांगला ग्रॅव्हिमीटर ०.०१ मिलिगॅलच्या आसपास वाचतो, तेव्हा मोजायला अडचण नाही. पण मातीची घनता १.९ आणि खडकाची २.६५ धरली तर मातीच्या जाडीतला प्रत्येक मीटर फरक सुमारे ०.०३ मिलिगॅल देतो. म्हणजे खडकाचा माथा एखाद्या रुंद भागात सात मीटरने वर आला की तेवढीच ०.२ मिलिगॅलची वाढ! खनिज कणभरही नाही, नुसता मातीखाली दडलेला खडकाचा उंचवटा, आणि यंत्राला दोन्ही सारखेच. आकारात थोडा फरक पडतो, पण विरळ बिंदूंवरून तो ओळखता येईल याची खात्री नाही. सात मीटर तर मुरमाच्या जागेत काहीच नाही, एका टोकाला चार मीटरवर आणि शंभर मीटर पुढे पंधरा मीटरवर खडक लागणं रोजचं आहे.

विद्युत पद्धतींत हाच खेळ उलट्या बाजूने होतो. खडकात खोलगट भाग असेल आणि तो ओल्या चिकणमातीने भरला असेल, तर तो उत्तम वाहक ठरतो. सल्फाइडही उत्तम वाहक. वरून पाहिलं तर दोन्ही ठिकाणी वाहकता वाढलेली दिसते. म्हणून खडकाचा नकाशा हा वेगळा, चैनीचा प्रकल्प समजू नका. तोच नकाशा गुरुत्वाच्या आणि विद्युत मोजमापांतून वजा करायचा असतो, आणि वजाबाकीनंतर जे उरतं त्यात खनिज शोधायचं असतं. गुरुत्व करणार असाल तर उंचीही तितकीच काटेकोर लागेल: एक मीटर उंचीचा फरक म्हणजे जवळपास ०.२ मिलिगॅल, त्यामुळे मोजणीच्या बिंदूची उंची पाच सेंटिमीटरने चुकली तर ०.०१ मिलिगॅल गेलाच.

दोन पद्धतींच्या विसंगती एकाच जागी आल्या की विश्वास वाढतो, हेही खरं. दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऑलिंपिक डॅम हा खनिजसाठा १९७५ साली असाच सापडला. ३०० मीटरहून जास्त जाडीच्या सपाट गाळखडकाखाली तांबं, युरेनियम आणि सोनं, वर पृष्ठभागावर काहीच नाही. गुरुत्व आणि चुंबकीय अशा दोन विसंगती जवळजवळ एकत्र आल्या होत्या आणि भूवैज्ञानिकांनी पुरातन भेगांचा नकाशा मांडून तो भाग निवडला होता. तिथल्या गाळखडकाचे थर सपाट आणि एकसारखे होते, ही गोष्ट मात्र उदाहरण देणारे विसरतात. तुमच्याकडे मुरूम एकसारखा असेल असं वाटत नाही.

खनिजासाठी कोणती पद्धत, हे त्या ताज्या तुकड्यावर ठरेल. भिंगाखाली पाहा. सल्फाइडचे कण दगडात सुटे-सुटे विखुरलेत, की एकमेकांना चिकटून सलग शिरा किंवा गोळे झालेत? विखुरलेले असतील तर वीज वाहायला सलग वाट नाही, रोध फारसा बदलत नाही आणि साधी रेझिस्टिव्हिटी काहीच सांगणार नाही. पण प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर विद्युतभार साठतो आणि प्रवाह बंद केल्यावर तो हळूहळू ओसरतो. हे ओसरणं मोजणारी पद्धत म्हणजे इन्ड्यूस्ड पोलरायझेशन, सगळे आयपी म्हणतात ती. विखुरलेल्या तांब्यासाठी दुसरी इतकी थेट पद्धत मला माहीत नाही. रेझिस्टिव्हिटीचा सल्ला देणाऱ्याला विचारा की त्याचं यंत्र आयपी मोजतं का. बऱ्याच यंत्रांत ती सोय असते, पण काम जास्त काळजीने करावं लागतं. प्रवाहाच्या आणि मोजणीच्या तारा वेगळ्या आणि दूर ठेवायच्या, प्रत्येक इलेक्ट्रोडभोवती मिठाचं पाणी ओतून संपर्क सुधारायचा, आणि तारेचं कुंपण, लोखंडी पाइपलाइन, विजेचे खांब यांच्या नोंदी नकाशावर घ्यायच्या. लांबलचक तारेचं कुंपण इतकी देखणी आयपी विसंगती देतं की पाहणाऱ्याला तिचा मोह होतो.

आयपीचं एक दुखणं मात्र जाणून घ्या. तिला पायराइट आणि चाल्कोपायराइट यांतला फरक कळत नाही. विखुरलेल्या तांब्याच्या मोठ्या साठ्यांमध्ये, ज्यांना पॉर्फिरी म्हणतात त्यांत, तांब्याच्या गाभ्याभोवती पायराइटचं कवच असतं. आयपीचा सगळ्यात तीव्र भाग बहुतेकदा त्या कवचावर येतो आणि तांबं असतं आतल्या मध्यम आकड्यांच्या भागात. सर्वाधिक आकड्यावर बोअर मारायची घाई करणारे अशा जागी पायराइट काढून बसतात. ग्रॅफाइट आणि काही प्रकारची चिकणमातीसुद्धा आयपी देतात.

सल्फाइड सलग असेल तर विद्युतचुंबकीय पद्धत घ्या. जमिनीवर तारेचं मोठं वेटोळं, त्यातला प्रवाह अचानक तोडायचा, आणि जमिनीत उठलेले भोवरी प्रवाह किती वेळात विरतात ते मोजायचं. वरच्या चिकणमातीतले प्रवाह लवकर विरतात, खालच्या चांगल्या वाहकातले रेंगाळतात. म्हणून उशिराच्या वेळेतली मोजमापं मौल्यवान, आणि कमकुवत यंत्रात नेमकी तीच गोंगाटात बुडालेली असतात. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये टिमिन्सजवळचा किड क्रीक हा तांबं-जस्ताचा प्रचंड साठा विमानातून केलेल्या विद्युतचुंबकीय सर्व्हेतून पुढे आला आणि नोव्हेंबर १९६३ मध्ये पहिल्या बोअरमध्ये लागला. गोष्ट इथपर्यंत सगळे सांगतात. त्या भागात अशा विसंगतींची रांगच होती आणि त्यांतल्या पुष्कळशा ग्रॅफाइटच्या निघतात, हा भाग कमी सांगितला जातो. आणखी एक, जस्ताचं खनिज स्फॅलेराइट स्वतः वीज जवळपास वाहतच नाही. सोबत पायराइट, पायऱ्होटाइट (लोखंडाचं आणखी एक सल्फाइड) किंवा चाल्कोपायराइट नसेल तर निव्वळ जस्ताचा साठा या पद्धतीच्या नजरेतून निसटतो.

सगळ्यात जुनी आणि स्वस्त पद्धत मात्र हल्ली कोणी सुचवत नाही. दोन इलेक्ट्रोड आणि एक व्होल्टमीटर, बाहेरून प्रवाह सोडायचाच नाही. भूजलपातळीच्या वर-खाली पसरलेलं सल्फाइड स्वतःच विभव निर्माण करतं, आणि चांगल्या साठ्यावर ते शंभर-दोनशे मिलिव्होल्ट किंवा जास्तही ऋण येतं. रॉबर्ट फॉक्स यांनी १८३० साली कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींत हे मोजलं होतं. तुमच्या जुन्या खड्ड्याभोवती दोन-तीन दिवसांत होणारं काम आहे. इलेक्ट्रोड सच्छिद्र मडक्यातले, कॉपर सल्फेटवाले घ्या, नुसते लोखंडी खिळे चालत नाहीत.

ड्रोनच्या मॅग्नेटिकबद्दल. तांबं, जस्त, शिसं यांची नेहमीची सल्फाइडं चुंबकीय नसतात, तेव्हा ड्रोनवरून तांबं दिसेल ही अपेक्षा सोडा. तरीही मी तो सर्व्हे करायला सांगेन, कारण तो भूगर्भाचा नकाशा देतो. डाइक (भेगेत घुसून थिजलेली शिलारसाची भिंत), भेगा, दोन खडकांमधली सीमा, हे सगळं मातीखालून उमटतं, कारण मातीचं चुंबकत्व सहसा नगण्य असतं. तुमचा जुना खड्डा एखाद्या भेगेवर बसलाय का आणि ती भेग कोणत्या दिशेने जाते, हे कळलं तर बाकी सगळ्या रेषा त्या दिशेला काटकोनात टाकता येतात. गरम द्रावणांनी खडक बदलला असेल तर त्यातलं मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज नष्ट होतं आणि तो पट्टा चुंबकीयदृष्ट्या फिका दिसतो. खनिज शोधताना अशा फिक्या पट्ट्यांना कमी लेखू नका.

दोन सावधगिरी. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दिवसभरात काही दशक नॅनोटेस्लांनी हलत राहतं, चुंबकीय वादळात शेकड्यांनी. म्हणून जमिनीवर एक स्थिर मॅग्नेटोमीटर सतत चालू हवा, नसेल तर तो सर्व्हे स्वीकारू नका. दुसरं, विषुववृत्ताच्या जवळ क्षेत्र जवळपास आडवं असतं आणि तिथे चुंबकीय खडकाच्या डोक्यावर आकडा वाढण्याऐवजी घटतो. लाल रंग पाहून बोअरची जागा ठरवणारे अशा प्रदेशात हमखास बाजूला पडतात. वर जांभा किंवा लोहयुक्त खडी असेल तर त्यातल्या मॅगहेमाइट या चुंबकीय लोहखनिजामुळे नकाशा पुरळ आल्यासारखा दिसतो. तेव्हा ड्रोन थोडा उंच उडवावा लागतो.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगतो. खडक चाळीस मीटरपेक्षा खोल असेल तर घणाची ताकद पुरणार नाही, भारी वजन किंवा दुसरा स्रोत लागेल. भूजल खारं असेल तर रेझिस्टिव्हिटी आणि आयपी दोन्हींची खोली झपाट्याने घटते. शेजारी उच्चदाबाची वीजवाहिनी असेल तर विद्युतचुंबकीय पद्धत बाद. मूळ खडकातच ग्रॅफाइटचे थर असतील तर विद्युत पद्धतींचा निम्मा अर्थ जातो, आणि मग गुरुत्वाचं महत्त्व वाढतं, कारण ग्रॅफाइट हलकं आणि सल्फाइड जड. यांपैकी तुमच्याकडे काय आहे, हे मला तुमच्या प्रश्नावरून कळत नाही.

हाती येणाऱ्या रंगीत चित्राबद्दलही बोललं पाहिजे. मोजमापांवरून जमिनीचं चित्र बनवणारं सॉफ्टवेअर नेहमीच चित्र काढून देतं, माहिती पुरेशी असो वा नसो. एकाच मोजमापात बसणारी अनेक चित्रं असतात. जाड थर मध्यम वाहक असला काय किंवा पातळ थर उत्तम वाहक असला काय, वरून मोजलेले आकडे सारखेच येऊ शकतात. म्हणून कंत्राटदाराकडून तीन गोष्टी मागा. कच्ची मोजमापं, केवळ चित्रं नव्हे. दोन वेगळ्या सुरुवातीच्या गृहीतकांवरून काढलेली दोन चित्रं. जे दोन्हींत टिकलं ते मोजमापातून आलंय, जे बदललं ते गृहीतकातून. आणि सगळ्या रेषांना एकच रंगपट्टी. प्रत्येक रेषेला वेगळी रंगपट्टी दिली की निरस रेषेतही लाल ठिपका उगवतो. चित्राच्या तळाशी, जिथे मोजमापांची पकड संपते तिथे, पांढरी जागा सोडलेली असेल तर तो माणूस कामाचा आहे असं समजा.

रेषा किती जवळ टाकायच्या, हे लक्ष्याच्या लांबीवर ठरतं. वीस मीटर रुंदीची शीर शंभर मीटर लांब जात असेल, आणि रेषा दोनशे मीटरवर असतील, तर ती दोन रेषांच्या मधून बिनबोभाट निघून जाईल. लक्ष्याच्या लांबीवरून किमान दोन, शक्यतो तीन रेषा जायला हव्यात. संपूर्ण दोन चौरस किलोमीटर या घनतेने भरायची गरज नाही. ड्रोनचं मॅग्नेटिक सगळ्या पट्ट्यावर, त्यातून भेगेची दिशा, मग खड्ड्यापासून त्या दिशेने पसरणाऱ्या अरुंद पट्ट्यात सिस्मिक आणि आयपीच्या दाट रेषा. सुरुवात खड्ड्यावरूनच करा. तिथे सल्फाइड आहे हे माहीत आहे, तिथेच पद्धतीला काही दिसलं नाही तर ती पुढे कुठे दिसणार? अशी चाचणीची एक रेषा पैसे वाचवते, आणि जी पद्धत तिथे नापास होते ती पुढच्या कामातून काढून टाकता येते.

आता तिसऱ्या सल्लागाराकडे, जो थेट बोअर घ्या म्हणतो. एका बाबतीत तो माझ्यापेक्षा बरोबर आहे: बोअरशिवाय यातलं काहीच सिद्ध होत नाही. पण शेवटी एकदमच दहा बोअर घेण्यापेक्षा सर्व्हेच्या मध्येच दोन घ्या. पहिला आयपीच्या विसंगतीवर, मात्र सरळ उभा नको. सल्फाइडची शीर तिरकी उतरत असेल तर उभा बोअर तिला समांतर जाऊन चुकवू शकतो. शीर ज्या बाजूला कलते त्या बाजूने, तिला आडवा छेद देईल असा तिरका घ्या. दुसरा बोअर मुद्दाम अशा जागी, जिथे सिस्मिक आणि रेझिस्टिव्हिटी खडकाच्या खोलीबद्दल भांडत आहेत आणि खनिजाची कसलीच खूण नाही. तो कोरडा जाईल, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पैसे देणारे नाराज होतात. त्याच एका कोअरवरून (बोअरमधून निघालेली दगडाची कांडी) मुरमाची जाडी, खडकाची खरी घनता, लहरींचा वेग आणि रोध हे सगळं मिळतं, आणि आधीच्या सगळ्या रेषांची चित्रं नव्या आकड्यांवर पुन्हा काढता येतात.

पहिल्या बोअरमध्ये काही लागलं नाही तर लगेच तो बुजवू नका. प्लास्टिकचा केसिंग पाइप टाकून आतून विद्युतचुंबकीय मोजणी करा. सेन्सर साठ्याच्या जवळ गेल्यामुळे, बोअर वीस-तीस मीटरने चुकला असला तरी साठा कोणत्या बाजूला राहिला ते कळू शकतं. लोखंडी पाइप टाकलात तर ही सोय गेली.

सध्या मात्र ड्रोनवाल्याला थांबवा. आधी ताजा तुकडा शोधा, घनता आणि चुंबकग्राह्यता मोजा, आणि खड्ड्याभोवती व्होल्टमीटर फिरवा. तुकड्यात सल्फाइड विखुरलेलं आहे की सलग, आणि खड्ड्यात पाणी कोणत्या खोलीवर लागतं, एवढं कळवलंत तर आयपीच्या इलेक्ट्रोडमधलं अंतर किती ठेवायचं ते मी नेमकं सांगू शकेन.